पानिपत झालं त्या दिवशी संक्रांत होती का?

प्रश्न : पानिपतची लढाई ऐन संक्रांतीला झाली आणि ‘संक्रांत कोसळणे’ हा वाक्प्रचार तिथूनच आला, असं आजोबा सांगत. खरं आहे का?

उत्तर : तारीख खरी, सण नाही. लढाई १४ जानेवारी १७६१ ची. त्या साली संक्रांत तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती.

संक्रांत ज्यावरून ठरते ते आपलं निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भानं मोजलेलं वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी मोठं. तेवढ्यानं काय होतंय, असं वाटेल; पण साचत साचत साधारण ७० वर्षांत त्याचा एक दिवस होतो आणि संक्रांत पुढं सरकते. स्वामी विवेकानंद संक्रांतीला जन्मले, तो दिवस होता १२ जानेवारी १८६३! हल्ली कॅलेंडरात अधूनमधून १५ तारीख दिसते, तीही याच चालीमुळं.

वाक्प्रचाराचं मूळ मला पंचांगातच दिसतं. संक्रांतीचं पान उघडून पाहा : ती कशावर बसून आली, काय नेसली, कुठल्या दिशेला पाहते, सगळं दिलेलं असतं. ती जे नेसते ते महागतं आणि जिकडं पाहते तिकडं संकट येतं, अशी जुनी समजूत. आजही घरोघरी आधी तेच विचारतात : यंदा संक्रांत कशावर?