पिकअपचे ॲव्हरेज आणि निदानाचा क्रम

एका लिटर डिझेलमध्ये गाडी किती किलोमीटर धावते, म्हणजेच व्यवहारात ज्याला 'ॲव्हरेज' म्हणतात, तो आकडा इंजिनाच्या प्रकृतीचा निदर्शक मानण्याची सवय मालवाहू गाड्यांच्या मालकांत इतकी मुरलेली आहे की, तो घसरताच संशय थेट इंजिनाच्या एका महागड्या भागावर, म्हणजे डिझेलचा सूक्ष्म फवारा सोडणाऱ्या इंजेक्टरवर जातो. जुन्नर तालुक्यातून माळशेज घाटमार्गे कल्याणकडे टोमॅटो नेणारी, दहा वर्षांहून जुनी, कॉमन रेल पद्धतीची (सर्व इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल पुरवणारी) पिकअप हे येथील विवेचनाचे उदाहरण आहे. तिचे ॲव्हरेज १३ वरून साडेदहावर आले, तेव्हा प्रस्तुत लेखकाने आधी चारही इंजेक्टर दुरुस्तीला पाठवले. पैसे गेले आणि आकडा तसूभरही हलला नाही.

घट खरी आहे का, हा प्रश्न वास्तविक त्याआधीचा. 'पाचशेचे टाकले, इतके चालली' हा हिशेब निदानाला निरुपयोगी असतो. टाकी फुल्ल करून, त्याच पंपावर पुन्हा फुल्ल होईपर्यंत किती लिटर बसले हे निदान तीन खेपांना, वाहिलेल्या वजनासह, वहीत उतरवल्याशिवाय त्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. पंपाच्या मापाविषयी शंका असल्यास मोहोर असलेले पाच लिटरचे माप मागून घेता येते. अंतर दाखवणारे मीटरही निर्दोष नसते, कारण ते चाकाचे फेरे मोजते: टायर सहा मिलिमीटर झिजले की पिकअपच्या चाकाची त्रिज्या पावणेदोन टक्क्यांच्या आसपास घटते आणि मीटर तितकेच जास्त अंतर दाखवते. त्यामुळे गुळगुळीत टायर काढून नवे घातले की, इंजिनात काहीही न बिघडता ॲव्हरेज कागदावर खाली येते. रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांशी मीटर ताडून पाहिले की हा भ्रम फिटतो.

घट खरी ठरल्यावर पाहायचे ते गाडी मोकळी पळते की नाही. टायरांतील हवा थंड असताना तपासणे हा यातला सोपा भाग. धरून राहिलेला ब्रेक मात्र फसवा असतो. लायनर जळाल्याचा वास येण्याइतका तो आवळलेला असेल तर चालकाच्या ध्यानात येतोच, परंतु जेमतेम घासणारा ब्रेक वासही देत नाही आणि गाडी एका बाजूला ओढतही नाही, फक्त डिझेल खात राहतो. सपाट रस्त्यावर ब्रेक फारसा न वापरता काही किलोमीटर चालवून गाडी थांबवावी आणि प्रत्येक चाकाजवळ, ड्रमला न टेकवता, तळहात धरून पाहावा. उपरोक्त पिकअपच्या मागच्या डाव्या चाकाची धग इतर तिन्हींहून उघड वेगळी होती. जॅक लावून ते हाताने फिरवले असता अर्ध्या फेऱ्यात थांबे. हँडब्रेकची केबल त्या टोकाला सोडवताच ते मोकळे फिरू लागले, कारण पावसाळ्यातल्या चिखलाने केबल आवरणाच्या आत गंजून परत येईनाशी झाली होती.

दुसरा दोष अधिक शिकवणारा ठरला, कारण तो दुरुस्तीतूनच उपजला होता. उन्हाळ्यात घाट चढताना पाणी तापते अशी तक्रार केल्यावर एका गॅरेजात थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी ठराविक तापमानाला पोहोचेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारी झडप, काढूनच टाकण्यात आली होती. त्यानंतर तापमानाचा काटा मध्यापर्यंत येईना, आणि 'आता गाडी थंड चालते' म्हणून त्याचे कौतुकच होत राहिले. प्रत्यक्षात पाण्याचे तापमान ८० ते ९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावे अशा बेताने या जातीची इंजिने घडवलेली असतात. त्याखाली ऑइल घट्ट राहून घर्षण वाढते, ज्वलन अपुरे होते आणि नियंत्रक संगणक इंजिन अजून गारच आहे असे समजून त्याप्रमाणे डिझेलचे प्रमाण ठरवतो. याची परीक्षा बिनखर्चाची आहे: सकाळी गाडी सुरू केल्यावर रेडिएटरकडे जाणारा वरचा होज पंख्यापासून हात जपून चाचपावा, झडप शाबूत असेल तर तो बराच वेळ गार राहून मग एकाएकी तापतो, आणि झडप उघडी अडकलेली किंवा काढलेली असेल तर सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत जातो. पाणी तापण्याचे मूळ कारण चिखलाने बुजलेल्या रेडिएटरच्या जाळीत निघाले.

हवेच्या वाटेविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा अपुरी, हे चालकांना ठाऊक असते. तुंबलेला एअर फिल्टर, आणि टर्बोकडून येणारी दाबाची हवा जिथून निसटते तो चिरलेला होज, एवढे तरी आधी पाहावे. इंजेक्टरची पाळी त्यानंतर येते, आणि तेव्हाही प्रत्येक इंजेक्टरमधून टाकीकडे परतणारे डिझेल वेगवेगळ्या बाटल्यांत जमवून कोणाची बाटली लवकर भरते हे पाहिल्याखेरीज ते उतरवू देऊ नयेत.

केबल आणि थर्मोस्टॅट नवे बसल्यावर तीन टाक्यांची सरासरी १२.४ आली. उरलेल्या तुटीचा संशय हौद्यावर त्याच हंगामात चढवलेल्या, केबिनहून उंच लोखंडी पिंजऱ्यावर आहे, कारण हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि रिकाम्या परतीत गाडी ताशी ६० ऐवजी ८० ने हाकली की तो पावणेदोन पटींहून अधिक होतो. पिंजऱ्यामुळे क्रेटचा एक थर जास्त बसतो, म्हणून तो काढलेला नाही. परतीचा वेग तेवढा उतरवला आहे.