सारथी कोण? – रथाचा एक अभ्यास

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

सद्भक्तहो, गीतोपदेशाचे चित्र आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी असते. पुढे लगाम धरलेले भगवान, मागे हात जोडलेला अर्जुन आणि पांढरे शुभ्र घोडे. ते पाहून आपण सहज म्हणतो, "देव आपला सारथी आहे." पण कठोपनिषद वाचायला घेतले की तिथे वेगळेच सांगितलेले दिसते. तिथे सारथ्याच्या जागी देव नाही, माणसाची बुद्धी आहे. मग खरे काय? सारथी देव की आपली बुद्धी? प्रश्न नुसता पंडितांचा नाही. संकट आल्यावर आपण काय करायचे, हे याच उत्तरावर ठरते. म्हणून आधी रथ समजून घेऊ.

रथ म्हणजे काय?

आपल्या महाराष्ट्रातच एक फार जुना रथ सापडला आहे. अहमदनगर जिल्ह्यात (आताचे अहिल्यानगर) प्रवरेच्या काठी दायमाबाद म्हणून गाव आहे. तिथे १९७४ साली जमिनीतून काशाच्या चार वस्तू निघाल्या. त्यातली एक म्हणजे सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीचा रथ. त्याला बैलांची जोडी जुंपलेली आहे, मागे एक माणूस उभा आहे आणि दांडीवर चक्क एक कुत्रा आहे! चाके मात्र भरीव, आरे नसलेली.

आऱ्यांचे हलके चाक आले आणि रथाला वेग आला. उरल पर्वताच्या दक्षिणेकडे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यांत अशा चाकांच्या खुणा मिळाल्या आहेत. पुढे इसवी सनापूर्वी १२७४ च्या सुमारास कादेश येथे इजिप्त आणि हित्ती यांची लढाई झाली, तीही रथांचीच.

ऋग्वेदात तर रथ जागोजागी आहे. तुंबा, आरे, आख, जू, लगाम हे सगळे ऋषींच्या रोजच्या पाहण्यातले होते. बारा आऱ्यांचे चाक म्हणजे बारा महिन्यांचे वर्ष, असे रूपक तिथे येते. आणखी एक गंमत बघा. 'सुख' हा शब्द ऋग्वेदात रथाचे विशेषण म्हणून येतो. 'ख' म्हणजे भोक. चाकाचे भोक आखावर नीट बसले, तर रथ न हिसकता चालतो, ते सुख, अशी त्याची व्युत्पत्ती सांगतात. सुख म्हणजे रस्त्यात खड्डेच नसणे नव्हे. आपले चाक आपल्या आखावर नीट बसलेले असणे, हे सुख.

यमधर्माने सांगितलेला रथ

कठोपनिषदात यमधर्म नचिकेताला रथाचे रूपक सांगतो. शरीर हा रथ. आत बसलेला रथी म्हणजे आत्मा. बुद्धी हा सारथी, मन हा लगाम, इंद्रिये हे घोडे आणि विषय म्हणजे घोड्यांचे रस्ते. ज्याचा सारथी जाणता आणि लगाम आवळलेला, तो प्रवासाच्या शेवटी विष्णूच्या परमपदाला पोचतो. ज्याचा सारथी गाफील, त्याचे घोडे उधळतात.

इथे एक गोष्ट नीट पाहा. यमधर्म घोडे मारून टाका असे म्हणत नाही. घोड्यांशिवाय रथ जागचा हलणार नाही. डोळे, कान, जीभ ही काही शत्रू नाहीत. आणि लगामही एकटा काही करू शकत नाही, तो कुणाच्या तरी हातात हवा. आपण म्हणतो, "काय करू, मन ऐकतच नाही." अहो, लगाम ऐकत नसतो, तो धरायचा असतो! दोष बहुधा सारथी झोपल्याचा असतो.

कुरुक्षेत्रावरचे दोन सारथी

महाभारतात कर्णाला शल्य सारथी मिळाला. घोडे हाकण्यात तो श्रीकृष्णाच्या तोडीचा. पण त्याने युधिष्ठिराला आधीच शब्द दिला होता की, मी कर्णाचे तेज कमी करीन. त्याप्रमाणे तो वाटेत कर्णाला टाकून बोलत राहिला. म्हणजे सारथी नुसता हुशार असून भागत नाही, तो रथ्याच्या हिताचा असावा लागतो. आपली बुद्धीही कधी कधी शल्यासारखी वागते. हुशार असते, पण आपल्यालाच खचवते.

आता अर्जुनाचा सारथी पाहा. अर्जुन म्हणाला, रथ दोन्ही सैन्यांच्या मध्ये ने. भगवंतांनी तो नेला. अर्जुन गळून गेला, तेव्हा गीतेत तो रथातच बसकण मारतो. ज्ञानेश्वरीत मात्र माउली त्याला रथातून खाली उडी टाकायला लावतात. केवढी मार्मिक जागा आहे ही! सारथी साक्षात भगवान असले, तरी रथीच खाली उतरला तर रथ कुणासाठी हाकायचा?

आणि पुढे भगवंतांनी काय केले? गांडीव स्वतः उचलले का? नाही. त्यांनी अर्जुनाला समजावले. मी भक्तांना बुद्धियोग देतो, असे ते दहाव्या अध्यायात सांगतात. आणि अठराव्यात सगळे सांगून झाल्यावर म्हणतात, याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसे कर. आपल्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे. देव सारथी होतो, तो आपली बुद्धी जागी करून. तो बुद्धीची जागा बळकावत नाही. म्हणून उपनिषद आणि गीतेचे चित्र यांत विरोध उरत नाही.

अवधूताची शिकवण

दत्तभक्तांसाठी हे फार महत्त्वाचे आहे. भागवताच्या एकादश स्कंधात यदुराजाला भेटलेला अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो. या अवधूताला आपण दत्तप्रभू मानतो. हे गुरू मी माझ्या बुद्धीने केले, असे तो सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो. त्या चोवीसांत पतंग रूपाला भुलून जळतो, हत्ती स्पर्शापायी खड्ड्यात पडतो, हरीण गाण्याला फसते आणि मासा चवीपायी गळाला लागतो. एकेका घोड्याने एकेकाचा रथ उलटवला. दुसऱ्यांचे घोडे कुठे उधळले हे पाहून अवधूताने आपला लगाम सावरला.

तेव्हा "महाराज बघून घेतील" असे म्हणताना जरा थांबावे. श्रद्धेने म्हटले तर ते उत्तमच. पण औषध वेळेवर घ्यायचे नाही, कर्ज अंगाबाहेर काढायचे, मुलाशी अबोला धरायचा आणि वर महाराजांवर भार टाकायचा, ही शरणागती नव्हे. हे रथातून उडी टाकणे झाले. महाराज बघतातच. पण ते बहुधा आपल्याला योग्य वेळी सुचवून बघतात. सुचलेले करायचे काम आपले.

रथ शेवटी जळतो

युद्ध संपल्यावरची कथा विसरू नये. भगवंतांनी अर्जुनाला आधी उतरायला सांगितले, मग ते स्वतः उतरले. त्याबरोबर रथ जळून भस्म झाला. द्रोण-कर्णांच्या अस्त्रांनी तो आधीच दग्ध झाला होता, केवळ भगवंतांमुळे टिकला होता. आपलाही रथ एक दिवस असाच जायचा आहे. तो किती सजवला याला तेव्हा महत्त्व नाही. तोवर कुठे पोचलो, एवढेच महत्त्वाचे.

या उत्सवात एक साधा नेम करून पाहू. रोज रात्री आरतीनंतर दोन मिनिटे स्वतःला विचारायचे : आज कोणता घोडा उधळला? तेव्हा माझा सारथी जागा होता का? उत्तर दुसऱ्या कुणाला सांगायचे नाही. उद्या लगाम जरा आधी धरायचा, बस्स.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥