वर्ग विद्यार्थ्यांच्या स्वाधीन करताना

चि. मनूस,

तुझे पत्र पावले. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीच्या ग्रॅज्युएट सेंटरने तुला पाच वर्षांची वृत्ती दिली असून, पहिले वर्ष अध्ययनाला मोकळे ठेवून दुसऱ्या वर्षापासून क्वीन्समधील एका महाविद्यालयात दर सत्रास एक वर्ग तुझ्या हवाली होणार, हे वाचून घरात सर्वांना आनंद झाला. पहिल्या दिवशी अभ्यासक्रमाचा कोरा कागद विद्यार्थ्यांपुढे ठेवून आपण बाजूला सरणार, असे तू मोठ्या उत्साहाने लिहितेस. त्या बाजूला सरण्याविषयीच हे पत्र आहे.

जो स्वतः अद्याप शिकतो आहे त्याच्या हाती वर्ग देण्याची रीत आपल्याकडे अपूर्व नव्हे. श्रावणमासात पेशवे विद्वानांना जी दक्षिणा वाटीत, तिच्या निधीतून इंग्रजी अंमलात पुढे ग्रंथांना पारितोषिके आणि महाविद्यालयांत दक्षिणा फेलोंच्या नेमणुका होऊ लागल्या. मुंबई विद्यापीठाच्या १८६२ च्या पहिल्या बी. ए. परीक्षेत उतरलेले रानडे आणि भांडारकर हे दोघेही या वृत्तीचे धनी होते. त्या फेलोंना गुरूची जागा केवळ घ्यावयाची होती. तुला ती घेऊन पुन्हा वाटून द्यावयाची आहे, आणि माझ्या मते हे काम पहिल्याहून अवघड आहे.

ज्या विद्यापीठात तू हे करणार, त्याच्या पूर्वेतिहासाशी आधी परिचय करून घे. १८४७ साली फ्री अकॅडमी म्हणून विनाशुल्क निघालेली ही संस्था शतकाहून अधिक काळ गरिबांच्या मुलांना शिकवीत आली, तरी प्रवेशाच्या गाळणीतून कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन मुले फारशी आत येत नसत. १९६९ च्या वसंत ऋतूत त्यांच्यापैकी आत असलेल्या विद्यार्थ्यांनी सिटी कॉलेजच्या दक्षिण आवाराचा ताबा घेतला, आणि त्या रेट्याने १९७० पासून शहरातील माध्यमिक शाळा पूर्ण केलेल्या प्रत्येकास विद्यापीठाचे दार उघडले. (सहाच वर्षांनी, शहराची तिजोरी रिकामी होताच, फी बसली, दार उघडणे आणि त्यावर जकात बसविणे या दोन गोष्टी इतक्या जवळजवळ घडल्या हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.) त्या लोंढ्यातील मुलांचे लिखाण पाहून पुष्कळ प्राध्यापकांनी कपाळावर हात मारला, मिना शॉनेसी या बाईंनी मात्र सुमारे चार हजार निबंध वाचून काढले आणि दाखवून दिले की त्या चुकांना त्यांची स्वतःची एक तर्कसंगती आहे.

ब्रुकलिन कॉलेजात केनेथ ब्रूफी यांच्यापुढेही हाच पेच होता. संस्थेने शिकवणीची सोय केली तरी मुले तिकडे फिरकत नसत. ब्रूफी यांचे निदान असे की, ती मदत म्हणजे त्याच वर्गाचा, त्याच अपेक्षांचा आणि गुरुशिष्यांतील त्याच अंतराचा विस्तार होती, आणि ज्या रचनेने त्यांना परके केले तिच्याकडेच मदत मागावयास ती धजत नव्हती. तेव्हा त्यांनी विद्यार्थ्यांनाच विद्यार्थ्यांचे साहाय्यक म्हणून नेमले. ब्रूफींना आधार सापडला तो लंडनमधील ॲबरक्रॉम्बी या विदुषींच्या प्रयोगात: वैद्यकाचे विद्यार्थी रोग्याचे निदान एकेकट्याने न करता आपापसांत वाद घालून करू लागले, तेव्हा त्यांची निर्णयशक्ती लवकर पक्व होते असे त्या बाईंना आढळले होते.

आता ब्रूफींच्या पद्धतीचा तपशील पाहा, कारण सारे मर्म त्यातच आहे. सुमारे पाच जणांचा गट. त्याच्यापुढे शिक्षकाने आगाऊ, शब्द तोलून लिहिलेला एकच प्रश्न. गटाचे मत टिपून ठेवणारा एक लेखक. मतैक्य झाले नाही तर भिन्नमताचीही नोंद. मग सर्व गटांची एकत्र सभा. आणि सर्वांत शेवटी, वर्गाने काढलेला निष्कर्ष त्या शास्त्रातील जाणत्यांच्या मताशी ताडून पाहणे. गट बोलत असता शिक्षकाने त्यांच्या खांद्यावरून डोकावायचेही नाही. पाहणाऱ्याला वाटेल, हा मास्तर आज काही करीत नाही. परंतु त्याचे काम आदल्या रात्री प्रश्न लिहिताना झालेले असते. कोऱ्या कागदात आणि या पद्धतीत किती अंतर आहे, ते तुझे तूच मोज.

कागद खरोखरच कोरा ठेवलास तर तो कोण भरील? ज्याचे इंग्रजी घरचे आहे, ज्याला सभेत बोलण्याची सवय आहे, तोच. रात्रपाळी करून आलेली बाई मागे गप्प बसेल, आणि टिपणे लिहिण्याचे काम दर वेळी त्याच एका मुलीच्या गळ्यात पडेल. बारभाईच्या कारभाराला आपल्याकडे नावे ठेवतात. पण नारायणरावाच्या खुनानंतर त्याच बारभाईंनी राज्य सावरले, आणि माझ्या मते ते साधले, कारण त्या मंडळात मतभेद कितीही असले तरी दप्तर चोख होते. तुझ्या वर्गालाही दप्तर हवे. सुरुवातीच्या आठवड्यांत सर्वांनी मिळून एक करारनामा लिहावा: गटाचा लेखक दर खेपेस बदलेल, कोणाचे बोलणे मध्येच तोडले जाणार नाही, काम वेळेवर न झाल्यास काय करावयाचे, आणि या अटी कोणत्या रीतीने बदलता येतील. चर्चेपूर्वी प्रत्येकाने दीड मिनिट कार्डावर आपले उत्तर लिहावे, मग शेजाऱ्याला वाचून दाखवावे, त्यानंतर गटापुढे यावे. एवढ्याने गप्प बसणाऱ्यांपैकी पुष्कळांना वाचा फुटते.

गुणांविषयी मात्र त्यांना फसवू नकोस. कसोट्या त्यांनी ठरवाव्या, एकमेकांचे लेख त्यांनी तपासावे. तरी सत्राअखेर गुणपत्रकावर सही तुझीच असणार, हे पहिल्याच दिवशी सांगून टाक. सर्व समान असल्याचा देखावा विद्यार्थी फार लवकर ओळखतात.

आणखी एक गोष्ट, जी तुझे मार्गदर्शक कदाचित बोलणार नाहीत. कायम नेमणुकीचा ज्येष्ठ प्राध्यापक खुर्चीवरून उठून विद्यार्थ्यांत जाऊन बसला तर लोक त्याला उदार म्हणतात. परदेशातून आलेली, उच्चाराने वेगळी, वयाने विद्यार्थ्यांच्या बरोबरीची तरुणी तसेच करू लागली तर हिला शिकवता येत नाही असा बोभाटा व्हावयास वेळ लागत नाही, आणि सत्राच्या शेवटी विद्यार्थी जे अभिप्राय भरतात त्यांत तो उतरतो. जो अधिकार लोकांनी तुला अद्याप मनापासून दिलेलाच नाही, तो तू वाटणार कसा? म्हणून पहिले दोन-तीन तास तू स्वतः नेटके व्याख्यान दे. विषयावर तुझी पकड आहे हे त्यांना दिसू दे. मग बाजूला हो, आणि का होत आहेस ते उघड सांग. हा धोरणीपणा तुला आवडणार नाही, पण सल्ला मागितलास म्हणून देतो.

एवढी खटपट का करावी, असा प्रश्न एखाद्या थकल्या संध्याकाळी तुला पडेल. त्याच शहरात, कोलंबिया विद्यापीठात, १९१३ ते १९१६ या काळात आंबेडकरांनी जॉन ड्यूई यांची व्याख्याने ऐकली. लोकशाही ही केवळ राज्यपद्धती नसून एकमेकांच्या सहवासात अनुभव वाटून घेत जगण्याची रीत आहे, हा विचार त्यांनी तेथून आणला आणि जातिसंस्थेच्या चिकित्सेत त्याला जी धार दिली ती खुद्द ड्यूईंच्या लिखाणातही नाही, असे मला वाटते. कोण कोणाशेजारी बसतो, कोणाचे म्हणणे टिपले जाते, हे त्यांनी ज्या गांभीर्याने पाहिले, त्याच गांभीर्याने तू आपल्या वर्गाकडे पाहा.

व्यवहाराचे दोन शब्द. वृत्तीचे नेमणूकपत्र नीट वाच. किती तास, किती विद्यार्थी, दरमहा काय, हे लेखी असल्यावाचून जादा काम पत्करू नकोस. प्रोफेशनल स्टाफ काँग्रेस ही तेथील अध्यापकांची संघटना तुझ्यासारख्यांचेही प्रतिनिधित्व करते. तिचे सभासदत्व घे. आणि असा वर्ग वेळ फार खातो. आठवड्यातील दोन सकाळी प्रबंधासाठी राखून ठेव, आणि त्या वेळात विद्यार्थ्यांच्या पत्रांना उत्तरे लिहीत बसू नकोस. मुदत पाचच वर्षांची आहे.

करारनाम्याचा मसुदा आणि पहिल्या तीन गटप्रश्नांचे कागद मला पाठव. प्रश्नांवर मी शेरे मारीन; करारनाम्याला हात लावणार नाही, तो तुझ्या विद्यार्थ्यांचा आहे.

तुझा,
मामा