कंत्राटी सिस्टरचे सहा धडे

बेळगावात नर्सिंगचं जीएनएम करायचं आणि राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने बेंगळुरू गाठायचं, ही आमच्याकडची रुळलेली वाट. खासगी रुग्णालयांत माझी उमेदीची वर्षं गेली, तीही बरीचशी कंत्राटावर. नव्या मुलींसाठी हे चार शब्द.

१. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेऊ देऊ नका. पडताळणीच्या नावाखाली घेतलेली फाइल राजीनाम्याच्या दिवशी बाँडच्या रकमेवर अडते. मूळ दाखवा, प्रती द्या, मूळ तिथल्या तिथे परत घ्या.

२. नेमणूकपत्रावर शिक्का कुणाचा, ते बघा. गणवेश आणि रोस्टर रुग्णालयाचं, पगार मात्र एजन्सीचा असेल, तर एजन्सी बदलताच जुनीजाणती सिस्टर पुन्हा फ्रेशरच्या पगारावर येते. पीएफचं पासबुकही दर महिन्याला तपासा. कपात झाली म्हणजे भरणा झालाच असं नसतं.

३. पगाराचं बोलताना लाजू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६च्या आदेशानंतर केंद्राच्या समितीने २००हून अधिक खाटांच्या रुग्णालयात सरकारी नर्सइतका पगार सुचवला. ५०हून कमी खाटा असतील तर किमान २०,००० रुपये. शिफारस ऐकून एचआरवाले हसतात. हसू द्या, आकडा तेवढा काढाच.

४. रात्रपाळीत लिहून ठेवा. सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक नर्स हा निकष कागदावर. रात्री दोनला एकीकडे सलाइन संपत आलेली, दुसरीकडे ऑक्सिजन उतरतोय, त्यात नातेवाईक काउंटरवर ओरडतायत आणि वॉर्डात आपण एकट्या. काही बिनसलं की मेमो सिस्टरलाच. हँडओव्हर बुकात रुग्ण किती, हजर नर्स किती, हे वेळेसकट लिहा आणि इनचार्जची सही घ्या.

५. दिवस गेले की लेखी कळवा. बाळंतपणाआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालं असेल तर पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते, कंत्राटी असलात तरी. पण ‘रिन्युअल नाही’ हा निरोपही नेमका तेव्हाच येतो. तोंडी सांगितलेलं कुणाला आठवत नाही. ईमेल नाकारता येत नाही.

६. मागणी घेऊन एकटीने जाऊ नका. एकटी गेलेलीच्या नशिबी सलग नाइट येतात; पाळीतल्या सगळ्यांच्या सह्या असल्या की बसायला खुर्ची मिळते. केरळच्या नर्सेसनी २०११मध्ये संघटना उभारून संप केले, पगार वाढवून घेतले. आपल्या मुली ‘कशाला वाकड्यात शिरा’ म्हणत दुसरं रुग्णालय शोधतात आणि तिथेही तसल्याच कागदावर सही करतात. पुढच्या वेळी आधी सह्या गोळा करा, राजीनाम्याचं नंतर बघू.