नोकरी शोधायची ती धंद्याच्या नावाने



हंगाम जवळ आला की कारखान्याच्या ऑफिसात वर्दळ वाढते. उसाच्या नोंदीचं काम आटोपलं की सभासद खुर्ची जरा पुढे ओढतात आणि आवाज खाली आणून म्हणतात, ‘पोरगं घरी बसून आहे, कुठंही चिकटवा.’ आम्ही विचारतो, ‘शिकलाय काय?’ ‘आयटीआय झालाय.’ ‘ट्रेड कोणता?’ इथे गाडी अडते. ‘ते त्यालाच विचारावं लागंल.’

हा दोष बापाचा नाही. उसाची जात विचारली तर हाच माणूस झोपेतही सांगेल. पण जसं बेण्याला नाव असतं तसं कामालाही असतं, आणि ते नाव माहीत नसलं की समोरून गेलेली जागाही दिसत नाही. या पाठात आपण तेवढंच पाहू.

जामनेर तालुक्यातल्या एका सभासदाच्या घरची हकिकत आहे. मुलगा इलेक्ट्रिशियन ट्रेड पास. दोन वर्षं फोनवर ‘नोकरी, जळगाव’ असं शोधत राहिला. सापडलं काय, तर सामान पोहोचवण्याचं काम, रात्रपाळीची वॉचमनकी, आणि ‘आधी पैसे भरा’ म्हणणारा एक एजंट. कापसाच्या पट्टीतले वीस हजार त्या एजंटाने नेले. त्याच काळात महावितरणची मोठी भरती निघाली होती. डिसेंबर 2023 च्या त्या जाहिरातीत 5347 जागा होत्या, पात्रता दहावी आणि इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचा आयटीआय. घरात सगळे ‘लाइनमन’च्या भरतीची वाट बघत होते. जाहिरातीत पदाचं नाव होतं ‘विद्युत सहाय्यक’. शेजारच्या गावचा पोरगा अर्ज भरून मोकळा झाला, हा राहिला. वयाची अट असते, गेलेलं वर्ष कोणी परत देत नाही.

एकाच कामाला तीन-तीन नावं असतात, हा पहिला धडा. आणि नावं बदलतातही. आपण ज्याला तलाठी म्हणतो त्याचं पदनाम 2024 पासून ‘ग्राम महसूल अधिकारी’ आहे. ग्रामसेवक त्याच वर्षी ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झाला, आणि कृषी सहायक 2025 मध्ये ‘सहाय्यक कृषी अधिकारी’. आता ‘तलाठी भरती’ एवढंच टाकून बसलं तर नवीन जाहिरात निसटू शकते. जुनं आणि नवं, मराठी आणि इंग्रजी, अशी सगळी नावं टाकून बघावीत.

याच्या उलटही घडतं. नाव एकसारखं, कामं दोन. याचं उदाहरण आपल्या कारखान्यातच आहे. ‘बॉयलर अटेंडंट’ हा भट्टीजवळचा माणूस. बगॅस जाळून वाफ करायची, पाण्याची पातळी आणि दाब सांभाळायचा. जीव धोक्यात घालणारं काम, म्हणून त्याला सरकारी परीक्षा देऊन सक्षमतेचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. पण कानपूरच्या राष्ट्रीय शर्करा संस्थेत ‘शुगर बॉयलिंग’चा जो अभ्यासक्रम आहे, त्याचा या भट्टीशी संबंध नाही. तो पॅनमनचा. आटवलेला रस निर्वात पॅनमध्ये शिजवायचा, दाणा धरवायचा, वाढवायचा, काचेवर नमुना घेऊन डोळ्यांनी ओळखायचा. दाणा बिघडला तर आपल्या उसातली साखर मळीत जाते. चांगल्या पॅनमनला एक कारखाना सोडतो न सोडतो तोच दुसरा बोलावतो, हे आम्ही वर्षानुवर्षं पाहतो. पण ‘बॉयलर’ शब्द टाकून शोधणाऱ्या मुलासमोर दोन्ही जाहिराती एकत्र येतात आणि तो भलत्याच जागी अर्ज करतो.

हा घोळ टाळण्यासाठी सरकारने प्रत्येक धंद्याला आकडा दिला आहे. त्याला राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण म्हणतात. पहिलं 1958 चं, मग 1968, 2004 आणि सध्याचं 2015 चं. त्यात सुमारे 3600 धंदे नोंदले आहेत. आकडा आठ अंकी असला तरी सुरुवातीचे चार अंक ओळखले की बरंच काम होतं. वेल्डर 7212 मध्ये, बॉयलर चालवणारा 8182 मध्ये, आणि साखर करणारा 8160 या खाद्यपदार्थांच्या यंत्रांवर काम करणाऱ्यांच्या गटात. पूर्वी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव नोंदवलं की कार्ड याच आकड्याप्रमाणे खणात लागायचं. ‘कोणतंही काम चालेल’ असं सांगणाऱ्याचं कार्ड अकुशलांच्या गठ्ठ्यात जायचं. हातात आयटीआयचं सर्टिफिकेट असूनही.

कित्येक जुने सभासद अजून म्हणतात, ‘नाव नोंदवलंय, कॉल येईल.’ हे आता सोडा. 1959 च्या कायद्याने रिकाम्या जागा कळवणं बंधनकारक झालं होतं, पण तिथूनच माणूस घ्यावा अशी सक्ती त्यातही नव्हती. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की एक्स्चेंजकडून नावं मागवावीत आणि वर्तमानपत्रातही जाहिरात द्यावी. तेव्हापासून कॉलची वाट पाहणारा मागे पडत गेला. आता केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल (2015 पासून) आणि राज्याचं महास्वयं, दोन्हीवर मोफत नोंदणी होते. जळगावला जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र आहे, फोनवर जमत नसेल तर तिथे जावं. नोंदणी करताना धंद्याचा रकाना मोकळा ठेवू नका, आणि ‘इतर’ तर मुळीच लिहू नका.

आपल्या भागात धंदेवार जागा कशा निघतात ते बघायचं असेल तर भुसावळकडे बघा. मध्य रेल्वे शिकाऊ उमेदवार घेते तेव्हा भुसावळचा वेगळा गट असतो. इलेक्ट्रिक लोको शेडला फिटर इतके, वेल्डर इतके, इलेक्ट्रिशियन इतके, असा तक्ताच छापलेला असतो. फिटरच्या जागेवर इलेक्ट्रिशियन बसत नाही. लेखी परीक्षा नसते, दहावीचे आणि आयटीआयचे गुण धरून यादी लागते. म्हणजे दहावीत असलेल्या मुलाला हे आजच सांगायला हवं. मात्र शिकाऊ म्हणजे नोकरी नव्हे, हे पोटात ठेवा. रेल्वेच्या लेव्हल एकच्या भरतीत असे शिकाऊ झालेल्यांसाठी वीस टक्के जागा राखलेल्या असतात, तेवढा फायदा पुढे मिळतो.

रात्री जेवणं झाली की मुलाला किंवा मुलीला जवळ बसवा. मुलीही इलेक्ट्रिशियन होतात, हसू नका. सर्टिफिकेट काढायला लावा. त्यावर ट्रेडचं जे नाव छापलंय ते वहीच्या पहिल्या ओळीत लिहा. खाली त्याच कामाची बाकीची नावं. ती मिळवायला आयटीआयच्या सरांना विचारा, आणि त्या कामावर असलेल्या माणसालाही विचारा, कारण खरी नावं त्यालाच ठाऊक असतात. मग आठवड्याचा एक दिवस ठरवून प्रत्येक नाव गावासह आणि गावाशिवाय शोधा. जाहिरातीची शेवटची तारीख कॅलेंडरवर मांडा, जशी आपण पाण्याची पाळी मांडतो. कोणी ‘जागा पक्की, पैसे द्या’ म्हणाला तर जाहिरातीचा क्रमांक मागा. तो देता येत नसेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

हकिकतीतल्या मुलाची वही आम्ही पाहिली. पहिल्या पानावर इलेक्ट्रिशियन, खाली वायरमन, विद्युत सहाय्यक, तंत्रज्ञ, सबस्टेशन ऑपरेटर, मेंटेनन्स इलेक्ट्रिशियन अशी अकरा नावं झाली आहेत. बारावं त्याच्या आजोबांनी पेन्सिलीने लिहिलंय, ‘मोटर वाइंडिंगवाला’. गावात विहिरीवरच्या मोटारी रोज जळतात, त्यामुळे सध्या त्याच नावावर त्याला काम मिळालंय. बाकीच्या अकरांचा शोध चालू आहे.