आघाडीवरचे पत्र

इ.स. १९१४ च्या ऑगस्ट महिन्यात युरोपात महायुद्ध पेटले. हिंदुस्थानातील खेडुताला या युद्धाचा परिचय झाला तो बहुधा सैन्यभरती करणाऱ्यांच्या भाषणांतून. त्या भाषणांत पराक्रम होता, पगार होता, पदके होती; खंदकांतला चिखल तेवढा नव्हता.

सप्टेंबरअखेर हिंदी पलटणी फ्रान्समधील मार्सेय बंदरात उतरल्या आणि काही आठवड्यांतच त्यांना ऐन थंडीत, तोफांच्या भडिमारात उभे राहावे लागले. शिपायांपैकी पुष्कळांना लिहिता येत नसे. ते मजकूर सांगत, आणि एखादा साक्षर सोबती तो लिहून घेई. घरीही पत्र दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावे लागे. साहजिकच एकाचे पत्र चारचौघांच्या कानी पडे.

सरकारला याचीच धास्ती वाटली. पत्रांतून खरी हकीकत गावोगाव पसरली, तर नवे शिपाई मिळायचे कसे? म्हणून फ्रान्समधील बूलोन शहरी पत्रे तपासणारी कचेरी उघडण्यात आली. आपले पत्र परक्याच्या नजरेखालून जाते, हे शिपायांनी लवकरच ओळखले. मग १९१५ साली त्यांतील काहींनी मसाल्याचा आधार घेतला! काळी मिरी फार खर्ची पडली, लाल मिरची मात्र राखून ठेवली आहे, अशा अर्थाचा मजकूर पत्रांत येऊ लागला. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई आणि लाल मिरची म्हणजे गोरे. तपासनिसांनी हे कोडे उलगडले खरे. परंतु अशी सगळीच पत्रे त्यांना अडविता आली नाहीत. कोणी भावाला भरती होऊ नकोस, असे कळवी. तर कोणी आपल्या पलटणीचा पराक्रम अभिमानाने वर्णन करी. दोघांचेही लिहिणे मनापासूनचे असे. तपासनिसांनी करून ठेवलेले अशा पत्रांच्या उताऱ्यांचे इंग्रजी अनुवाद लंडनच्या ग्रंथालयात आजही आहेत. मूळ पत्रे बहुतेक काळाच्या उदरात गडप झाली.

महाराष्ट्रातही या युद्धाची झळ अनेक गावांना लागली. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावचे ४६ जवान त्यात कामी आले. एका लहानशा गावातून एवढी माणसे गेल्यावर युद्ध म्हणजे काय, हे तेथे कोणी भाषण करून सांगावयास नको होते. गावात त्या जवानांचे स्मारक उभे राहिले. पुढील पिढ्यांतील तरुणही सैन्यात जातच राहिले, आणि गावाचे नाव पडले ‘अपशिंगे मिलिटरी’.