उपयोगी भेसळ : इंधन घटाच्या विद्युतअग्रांची सुधारणा

इंधन न जाळता त्यातील रासायनिक ऊर्जेचे सरळ विजेत रूपांतर करणारे साधन म्हणजे इंधन घट होय. त्याचे तत्त्व विल्यम ग्रोव्ह या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८३९ मध्ये दाखवून दिले. तत्त्व इतके जुने असूनही त्याचा प्रसार मंद गतीने झाला. याचे एक मोठे कारण विद्युतअग्रांसाठी लागणाऱ्या पदार्थांत आहे. मूळ पदार्थाच्या स्फटिकात दुसऱ्या मूलद्रव्याचे अणू मोजूनमापून मिसळणे, हा ते पदार्थ सुधारण्याचा प्रमुख मार्ग होय. या क्रियेस 'डोपिंग' म्हणतात. व्यवहारात भेसळीने मालाचा कस जातो. येथे नियंत्रित भेसळीनेच तो येतो.

घटाची रचना

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या सहभागाने तयार झालेली व ऑगस्ट २०२२ मध्ये सादर झालेली बस ज्या प्रकारच्या घटावर चालते, तो कमी तापमानाचा असतो. त्याला सामान्यतः प्लॅटिनमसारखा महाग उत्प्रेरक लागतो. दुसरा प्रकार घन ऑक्साइड घटाचा. तो सुमारे ६०० ते १,००० अंश सेल्सिअस तापमानावर चालतो. त्याला प्लॅटिनमची गरज नसते आणि हायड्रोजनखेरीज मिथेनही त्याला चालतो.

या घटात एका बाजूस हवेकडील व दुसऱ्या बाजूस इंधनाकडील विद्युतअग्र असते. मध्ये झिर्कोनियाचा पातळ थर असतो. हवेतील ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेऊन आयनरूपाने या थरातून पलीकडे जातो व इंधनाशी संयोग पावतो. सुटलेले इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून परत येतात. हीच वीज होय.

भेसळीचे कार्य

शुद्ध झिर्कोनियातून ऑक्सिजन आयन सहज जात नाहीत. त्यात यट्रिया मिसळल्यास यट्रियमच्या दर दोन अणूंमागे ऑक्सिजनची एक जागा रिकामी राहते. भरलेल्या सभागृहात एक खुर्ची रिकामी झाली की शेजारचा माणूस तेथे सरकतो, त्याची जागा मागचा घेतो. आयनही असेच पुढे सरकतात.

हवेकडील विद्युतअग्रासाठी लँथॅनम मँगनाइट वापरतात. त्यातील काही लँथॅनमच्या जागी, बहुधा पाचव्या हिश्शाइतके, स्ट्रॉन्शियम घालतात. लँथॅनमवर तीन धनभार असतात, स्ट्रॉन्शियमवर दोन. ही तूट भरून काढण्यासाठी काही मँगनीज अणू आणखी एक इलेक्ट्रॉन सोडतात व पदार्थाची विद्युतवाहकता वाढते. तथापि त्यातून ऑक्सिजन आयन जवळजवळ वाहत नाहीत. म्हणून मँगनीजऐवजी लोह व कोबाल्ट घेऊन बनविलेला पदार्थ पुढे आला. तो इलेक्ट्रॉन व आयन दोन्ही वाहून नेतो. त्यामुळे घट सुमारे ६०० ते ८०० अंशांवर चालविता येतो आणि घट जोडणाऱ्या पट्ट्यांसाठी महागड्या सिरॅमिकऐवजी पोलाद वापरता येते.

लाभाची किंमत

प्रत्येक लाभाबरोबर एक अडचण येते. कोबाल्टमुळे तापल्यावर होणारे प्रसरण वाढते व थरांना तडे जाऊ शकतात. स्ट्रॉन्शियम झिर्कोनियाशी संयोग पावून रोधक थर तयार करते. तो टाळण्यासाठी गॅडोलिनियममिश्रित सेरियाचा थर मध्ये घालतात. पोलादातील क्रोमियमची वाफही हवेकडील विद्युतअग्रास निकामी करते. घट पाच वर्षे अखंड चालायचा तर सुमारे ४४,००० तास होतात. इतका काळ टिकणे हीच पदार्थाची खरी कसोटी होय.

इंधनाकडील प्रश्न ग्रामीण भागाच्या अधिक जवळचा आहे. गोबर गॅसमध्ये मिथेनसोबत थोडा हायड्रोजन सल्फाइड असतो. येथे वापरले जाणारे निकेल गंधकाने लवकर मंदावते व मिथेनमुळे त्यावर काजळी साचते. लँथॅनममिश्रित स्ट्रॉन्शियम टायटॅनेट गंधक बरेच सहन करते. मात्र त्याची उत्प्रेरकशक्ती निकेलपेक्षा कमी आहे. म्हणून वायू आधी शुद्ध करून घेणे आजही अपरिहार्य ठरते.

देशातील साधने

लँथॅनम व सेरियम ही मूलद्रव्ये केरळ, तामिळनाडू, आंध्र प्रदेश व ओडिशाच्या किनाऱ्यावरील मोनाझाइटयुक्त वाळूत आढळतात. कोलकात्याच्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेत घन ऑक्साइड घटांवर संशोधन झाले आहे. कच्चा माल व ज्ञान यांची सांगड घालून गंधक सोसणारे, दीर्घकाळ टिकणारे विद्युतअग्र तयार झाले, तर गावच्या गोबर गॅसपासून ज्वलनाविना वीज मिळविण्याच्या मार्गातील एक मोठा अडथळा दूर होईल.